पंधरा तालुके, एक आराखडा

"सरकारच्या सल्ल्यावर द्राक्षं उभी राहिली नाहीत, भाऊसाहेब. आमची आम्ही उभी केली. मग जिल्ह्याचा विस्तार आराखडा हवाच कशाला?"

तात्यांनी सुरुवातच अशी केली म्हटल्यावर नाशिकच्या मखमलाबाद नाक्यावरची परवाची बैठक लवकर उठणार नाही हे कळून चुकलं. विषय होता नाशिक जिल्ह्यातल्या कृषी विस्ताराचा, म्हणजे शेतीचं नवं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याचा. शेतीशाळा कुठं भरवायच्या, प्रात्यक्षिकं कशाची घ्यायची, अभ्यास दौरा कुठं न्यायचा, हे ठरवायचं कुणी? पुण्याच्या कृषी आयुक्तालयानं, जिल्ह्यानं, की तालुक्यानं?

आम्ही चौघं होतो. तात्या दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार. भाऊसाहेब कृषी पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले, उमेदीची वर्षं कळवण-सुरगाण्यात काढलेली. ताई नागली, म्हणजे नाचणी पिकवणाऱ्या पेठ तालुक्यात बचत गटांचं काम करतात. आणि मी येवल्याच्या उत्तर-पूर्व भागातला, जिथं पाऊस झाला तर मका आणि लाल कांदा, नाही झाला तर टँकर.

तात्यांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपली द्राक्षं नाकारली. तो हंगाम त्यांनी सोसलाय. "त्यानंतर फवारणीची वही कशी ठेवायची, काढणीआधी किती दिवस औषध बंद करायचं, हे कुणी शिकवलं? बागायतदार संघाच्या चर्चासत्रांनी, निर्यातदारांनी, आणि आम्ही पदरचे पैसे मोजून आणतो त्या सल्लागारांनी. पानावर डाऊनी रोग दिसला की मला त्याच संध्याकाळी उत्तर लागतं. कृषी सहायकाच्या मागं पंचनामे, महाडीबीटी पोर्टलवरचे योजनांचे अर्ज, वरून येणारे अहवाल. तो बिचारा माझ्या बागेत येणार कधी?"

"तुमचा सल्लागार पेठला येईल का, तात्या?" ताईंनी विचारलं.

"पैसे दिले तर येईल."

"नागलीवर कोण देणार पैसे?"

तात्या गप्प बसले नाहीत, पण उत्तरही आलं नाही. मी मध्ये पडलो. २००३ साली राष्ट्रीय नमुना पाहणीनं देशभरच्या शेतकऱ्यांना विचारलं होतं की नव्या तंत्राची माहिती तुम्हाला कुठून मिळते. कुठल्याही मार्गानं माहिती मिळालेली कुटुंबं जेमतेम ४० टक्के. सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून मिळालेली ५.७ टक्के. खत-औषधाच्या दुकानदाराकडून मात्र १३ टक्क्यांच्या वर. म्हणजे औषध विकणारा माणूसच औषध लिहून देतो, आणि सरकारी माणसापेक्षा दुपटीहून जास्त कुटुंबं त्याच्या भरवशावर होती. दिंडोरी-निफाडला त्याला पर्याय उभा राहिला, कारण द्राक्षाच्या एकरात सल्लागाराचं बिल निघतं. मक्याच्या एकरात ते निघत नाही.

भाऊसाहेबांना आम्ही नेहमी खात्याच्या बाजूचे धरतो. पण ते बोलायला लागले की खात्याच्या आतलं कळतं. ते नोकरीला लागले तो काळ 'प्रशिक्षण आणि भेट' योजनेचा. दर पंधरवड्याला ठरलेल्या वारी ठरलेलं गाव, संपर्क शेतकरी, आणि वरून आलेला तोच संदेश. शिस्त होती, पण संदेश कुणाच्या कामाचा हे विचारायची सोय नव्हती. मग १९९८ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं राष्ट्रीय कृषी तंत्रज्ञान प्रकल्प आला आणि सात राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत 'आत्मा'चा, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचा प्रयोग झाला. आपल्या शेजारचं नगर त्यात होतं. २००५-०६ पासून योजना देशभर पसरत गेली. जिल्ह्याला एक नोंदणीकृत संस्था, जिल्हाधिकारी नियामक मंडळाचे अध्यक्ष, खाली तालुका पातळीवर शेतकरी सल्ला समिती, आणि सगळ्याचा पाया म्हणजे जिल्ह्याचा संशोधन व विस्तार आराखडा. गावात बसून, शिवारफेरी काढून, कोणत्या महिन्यात कोणती अडचण येते ते शेतकऱ्यांकडून समजून घेऊन तो करायचा.

"कागदावर याच्याइतकी चांगली रचना मी दुसरी पाहिली नाही," भाऊसाहेब म्हणाले. "आणि प्रत्यक्षात काय होतं? वरून लक्ष्यांक येतो. इतकी प्रात्यक्षिकं, इतक्या शेतीशाळा, इतके दौरे. जिल्हा तो तालुक्यांना वाटतो. वाटप झालं की आराखडा झाला."

माझ्या मते सगळी मेख इथं आहे. आराखडा खालून वर जातो असं म्हणायचं, आणि पैसा घटकनिहाय बांधून वरून खाली पाठवायचा. मालेगावच्या डाळिंबवाल्यानं तेल्या रोगावर आणखी दोन शेतीशाळा मागितल्या, तर तालुक्याला दुसऱ्या घटकातली रक्कम तिकडं वळवता येत नाही. मग सल्ला समितीनं सल्ला तरी कशाचा द्यायचा?

आणि नाशिक जिल्हा म्हणजे एक जिल्हा आहे का? इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. सिन्नर, येवला, नांदगावला ५०० च्या आसपास. एकाच पिकाचं घ्या. सटाण्याकडचे अर्ली द्राक्षवाले जून अखेरीपासून ऑगस्टपर्यंत छाटणी उरकतात, भर पावसात फुलोरा सांभाळतात. दिंडोरी-निफाडची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. जिल्ह्यानं 'ऑक्टोबर छाटणीची पूर्वतयारी' म्हणून एक कार्यक्रम आखला, तर सटाणेकरांना तो ऐकायला मिळतो तेव्हा त्यांचे मणी फुगायला लागलेले असतात. उलट हिवाळ्यात कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावर पारा घसरला की निफाडकरांची झोप उडते, बागेत शेकोट्या पेटतात. त्या रात्री सटाण्याच्या अर्ली बागेची चिंता वेगळीच असते.

पण पेठचं ताईंनी जे सांगितलं, त्यानं मी हललो. तिकडं नागलीचा राब पाऊस पडायच्या आधी भाजून ठेवतात. पालापाचोळा, शेण, काटक्या अंथरून जमीन भाजायची, पहिल्या पावसात बी टाकायचं आणि रोपं हाताशी आली की डोंगरउतारावर आवणी करायची. एका वर्षी एका पाड्यावर नागलीच्या प्रात्यक्षिकाचं साहित्य आलं ते आवणी चालू असताना. ताई तिथं होत्या. बायका चिखलाच्या पायांनी बांधावर आल्या, पिशव्या उघडल्या. आत सुधारित बियाण्याचं पाकीट, सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी, आणि बियाण्याला चोळायचं जिवाणू खत. चोळायचं कशाला? रोपं तर शेतात लागत होती. यादीवर सह्या-अंगठे झाले, फलक धरून फोटो निघाला. एका आजीनं बियाण्याचं पाकीट पुढच्या वर्षासाठी कणगीवर ठेवलं. जिवाणू खताची मुदत त्याच्या आतच संपणार होती.

"बियाणं वाईट नव्हतं," ताई म्हणाल्या. "देणारा माणूसही वाईट नव्हता. तो स्वतःच म्हणत होता, ताई, माल आत्ता हातात आला. पण ठरवायचं त्या बायकांच्या हातात असतं, तर मे महिन्याच्या आत बियाणं आलं असतं. खरं तर बियाणं त्यांनी मागितलंच नसतं, ते घरचं असतं. त्यांनी मागितलं असतं ओळीत लावायचं शिक्षण आणि ओळीत चालणारं कोळपं. निंदणीनं त्यांच्या कमरा मोडतात."

'आत्मा'च्या मार्गदर्शक सूचनांत कार्यक्रमांच्या निधीतला ३० टक्के वाटा महिला शेतकऱ्यांसाठी ठेवायला सांगितलंय. नियम चांगला आहे. पण बैठक तालुक्याच्या गावी सकाळी अकराला ठेवली, तर पाड्यावरची बाई शेतातली मजुरी बुडवून आणि एसटी गाठून तिथं येईल कशी? ती येत नाही, मग तिच्या वतीनं दुसरंच कोणी ठरवतं.

इथं भाऊसाहेबांनी एकदम उलटी बाजू घेतली, आणि ती मला अजून पुरती खोडता आलेली नाही. "खाली द्या म्हणता, पण खाली म्हणजे कुणाला? पैसा मोकळा करून जिल्ह्यात सोडलात तर निफाड-दिंडोरी तो ओढून नेतील. त्यांच्याकडं बाजार समित्या आहेत, संघ आहेत, साहेबाला फोन लावणारी माणसं आहेत. सुरगाण्याचा माणूस नाशिकपर्यंत पोचतो तोवर वाटप झालेलं असतं. वरून लक्ष्यांक येतो म्हणून निदान सुरगाण्याच्या नावापुढं आकडा तरी पडतो!"

तात्यांनी प्रामाणिकपणे मान डोलावली. "ओढू. खोटं कशाला सांगू?"

म्हणून मी म्हणालो की मोकळा पैसा आणि ठरलेला वाटा, दोन्ही एकदम हवेत. शेतकऱ्यांची संख्या, कोरडवाहू क्षेत्र, आदिवासी लोकसंख्या, यांवरून प्रत्येक तालुक्याचा वाटा आधीच पक्का करायचा, म्हणजे ओढाओढीला जागा राहणार नाही. त्या वाट्याच्या आत मात्र काय करायचं ते तालुक्यानं ठरवायचं. रक्कम एप्रिलमध्ये हातात. दिवाळीनंतर आलेल्या पैशातून खरिपाची शेतीशाळा होत नाही, मार्चअखेर खर्च दाखवणं तेवढं होतं.

केरळात हे घडलेलं आहे. तिथं १९८७ पासून पंचायतीगणिक कृषी भवनं उभी राहिली आणि १९९६ च्या लोकयोजनेत राज्याच्या योजना निधीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग स्थानिक संस्थांकडं गेला. तिथंही अडचणी आल्याच असतील, पण निधी खाली गेला की आभाळ कोसळतं हे खरं नाही. आपल्या घटनेत तर हे लिहूनच ठेवलंय. ७३ व्या दुरुस्तीनं जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांची यादी आहे, आणि त्यातला पहिलाच विषय 'कृषी विस्तारासह कृषी' असा आहे. पहिलाच! प्रत्यक्षात महाराष्ट्रात जिल्हा परिषदेचा कृषी विभाग एकीकडं, राज्याचं कृषी खातं दुसरीकडं, आणि जिल्ह्याच्या पातळीवर सगळ्यात गाजणारी बैठक कोणती, तर पालकमंत्र्यांची खरीप आढावा बैठक. तिथं बोललं जातं ते युरिया किती आला आणि बियाणं पुरेल का यावर. तेही लागतंच. पण शेतकऱ्यानं यंदा काय शिकावं, यावर तिथं किती वेळ जातो?

मग मी माझी आवडती मांडणी पुढं केली. तालुका हा हिशेबाचा घटक ठेवा, पण विषय पट्ट्यानं ठरवा. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा भात-नागलीचा पश्चिम पट्टा. निफाड, दिंडोरी, नाशिक हा द्राक्ष-टोमॅटोचा. कसमादे, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, हे डाळिंब आणि उन्हाळ कांद्याचं. सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड हा पाण्याची वाट पाहणारा. प्रत्येक पट्ट्याला जवळ संशोधनाची जागा आहेच. इगतपुरीला भाताचं केंद्र, पिंपळगाव बसवंतला कांदा-द्राक्षाचं, कुंदेवाडीला गव्हाचं, शिवाय मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र. 'आत्मा'चा मूळ हेतूच संशोधन आणि विस्तार यांना एका ठिकाणी बसवण्याचा. मग पट्ट्यातल्या तालुक्यांनी त्या केंद्राला प्रश्न द्यावेत आणि केंद्रानं त्यांच्याच बांधावर चाचणी घ्यावी.

"दिंडोरी कुठं घातलीस?" तात्यांनी अडवलं. "पूर्वेला आम्ही बागायतदार. पण पश्चिमेला ननाशीकडं जा. भात, नागली, डोंगर, आदिवासी वस्ती. ते पेठसारखं आहे, माझ्यासारखं नाही. तुझ्या पट्ट्यात ननाशीला पुन्हा द्राक्षाचंच भाषण ऐकावं लागेल."

याला माझ्याकडं चोख उत्तर नव्हतं. भाऊसाहेबांनी सुचवलं की मंडळ कृषी अधिकाऱ्याचं मंडळ हा घटक धरावा, तो तालुक्याहून लहान असतो. ताई म्हणाल्या, मंडळ धरा, पण मग माणसं द्या. 'आत्मा'चे तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापक कंत्राटी, त्यांच्या नेमणुकीचं सदा टांगलेलं. पेठची वाट पाठ होते न होते तोच ते दुसरी नोकरी शोधतात. माणूस टिकणार नसेल तर घटक लहान करून काय साधणार, हा त्यांचा प्रश्न मला सगळ्यांत जड वाटला. मोकळ्या निधीतून तालुक्याला स्वतःचा माणूस नेमता यावा, अगदी गावातला कृषी पदविकाधारकसुद्धा, असं मी म्हणालो. भाऊसाहेबांना ते पटलं नाही. त्यांच्या मते नेमणूक तालुक्याकडं गेली की पुढाऱ्याचा भाचा लागणार. यावर बराच वेळ गेला आणि एकमत झालं नाही.

शेवटी ताईंनी विचारलं, "सल्ला समिती आत्ता आहे ना प्रत्येक तालुक्याला? त्यात नावं कुणाची आहेत?"

"यादी तालुका कृषी कार्यालयात असते," भाऊसाहेब म्हणाले. "मागितली की दाखवायला हवी. पुढच्या वर्षाचा तालुक्याचा आराखडा वर जायच्या आत बघा, नंतर बघून उपयोग नाही."

"पेठची मी बघते. त्यात पाड्यावरच्या किती बायका आहेत तेही."

"दिंडोरीची मी बघतो," तात्या म्हणाले. "ननाशीकडचं कोणी नसलं तर पुढच्या बैठकीला तिथला माणूस गाडीत घालून नेतो. पण सल्लागार मी माझाच ठेवणार, भाऊसाहेब, तेवढं आधीच सांगतो."

"ठेवा की. फक्त त्याला एकदा ननाशीला घेऊन या."