गौरवाला इतका उशीर का?

माजी खेळाडूंचा गौरव करायला विद्यापीठांना दरवेळी त्यांच्या म्हातारपणाचीच वाट का पाहावी लागते? अमेरिकन धावपटू जेसी ओवेन्स यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकली, पण ज्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे ते विद्यार्थी होते, तिथे त्यांना शिष्यवृत्ती नव्हती, कृष्णवर्णीय म्हणून वसतिगृहाचे दारही बंद होते, आणि मानद पदवी मिळायला १९७२ साल उजाडावे लागले. छत्तीस वर्षे! त्याच १९७२ मध्ये अमेरिकेत शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला, खेळांतल्यासुद्धा, मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा आला. त्याआधी खेळलेल्या मुलींपैकी कितीजणींना संघाचे मानचिन्ह थेट आजी झाल्यावर मिळाले, आणि कितीजणी त्याआधीच गेल्या!

खेळाडूंच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांच्या बाबतीत तर संतापच येतो. मोठी देणगी देणाऱ्याचे नाव इमारतीवर लगेच कोरले जाते. मात्र वर्षानुवर्षे जखमी घोटे बांधणारा, पहाटे मैदान आखणारा, हरलेल्या संघाबरोबर रात्रभर प्रवास करणारा माणूस निवड समितीला दिसतच नाही. सेवेसाठीचा पुरस्कार त्याला नाही, तर कोणाला द्यायचा? नोंदी विद्यापीठाच्याच दप्तरात आहेत, माणसे हयात आहेत, मग समित्या कशासाठी थांबल्या आहेत?