डिपॉझिट पचवावे कसे

आपण कोल्हापुरात राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत निवृत्तीच्या पैशातून वरचा मजला चढवला असेल आणि तो विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना किंवा गोकुळ शिरगावला नोकरी करणाऱ्या एखाद्या जोडप्याला अकरा महिन्यांच्या करारावर दिला असेल, तर घर सोडण्याच्या दिवशी एक प्रश्न हमखास उभा राहतो: मोडतोडीचे पैसे कुणी द्यायचे? पुष्कळ लोक यावर उगाच डोके शिणवतात. उत्तर सोपे आहे. ज्याच्या हातात डिपॉझिट नाही, त्याने द्यायचे.

याची तयारी मात्र घर देण्याच्या दिवसापासूनच करावी लागते, आणि तयारी म्हणजे काहीही न करणे. किल्ली देताना घराची अवस्था कुठेही लिहून ठेवू नये. पंखे किती, त्यांतले फिरणारे किती, मोरीतल्या कोणत्या फरशीला आधीच तडा आहे, न्हाणीघराचे दार खालून किती कुजले आहे, हे एकदा कागदावर उतरून त्याखाली दोघांच्या सह्या झाल्या की अकरा महिन्यांनी आपल्याला बोलायला जागाच उरत नाही. फोटोही काढू नयेत. रंकाळ्यावरच्या एका सूर्यास्ताचे चाळीस फोटो काढणारा आपला मोबाइल स्वयंपाकघराच्या भिंतीकडे चुकूनही वळू देऊ नये. फोटोवर तारीख येते, आणि तारखेसारखी उद्धट गोष्ट दुसरी नाही. भाडेकरूनेच मोबाइल बाहेर काढला, तर "अहो, घरच्यासारखंच राहायचं आहे, फोटो कसले काढताय?" असे म्हणून त्याच्या हातात चहाचा कप द्यावा. दोन्ही हात गुंततात.

करार नोंदवण्याच्या फंदात पडू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदवलेला करार नसताना अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. म्हणजे मुद्रांक आणि नोंदणीचे किरकोळ पैसे वाचवण्यासाठी आपण शेवटचा शब्द समोरच्याला बहाल करून टाकतो. एवढा दिलदारपणा कोल्हापूरबाहेर क्वचितच आढळेल. नोंदवायचाच झाला, तर एजंटच्या कॉम्प्युटरमधला तयार मसुदा न वाचता सही करावी. आपला कागद 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने भाडेपट्टा नव्हे, नुसती राहण्याची परवानगी असल्यामुळे मोडतोडीचा निवाडा पुष्कळसा त्या कागदातल्या शब्दांवरच होतो. आणि नेमके तेच शब्द आपण दोघांनीही वाचलेले नसल्यामुळे भांडण समान पातळीवर होते.

आता एका शब्दापासून आपल्याला फार जपले पाहिजे, तो म्हणजे 'झीज'. भाडेपट्ट्यांसाठी इंग्रजांच्या काळात, १८८२ साली झालेल्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये असे लिहून ठेवले आहे की, भाडेकरूने घर जसे घेतले तसे परत करावे. मात्र वाजवी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरची आपत्ती यांमुळे जे बिघडेल ते त्यातून वगळावे, आणि भाडेकरूच्या किंवा त्याच्या माणसांच्या हातून जे बिघडले असेल ते नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्याने दुरुस्त करून द्यावे. बेसिन फोडले तर भाडेकरूने भरायचे आणि भिंतीचा रंग वर्षभरात फिका पडला तर मालकाने सोसायचे, इतके हे सरळ आहे. असे सरळ राहू दिले, तर आपला रंगकामाचा खर्च कोण देणार?

यासाठी मी स्वतः अवलंबलेली रीत सांगतो. आमच्या वरच्या मजल्यावरचे जोडपे बदली झाल्यामुळे घर सोडत होते. हिशेबाला बसण्याआधी मी ओळखीच्या पेंटरला घेऊन वर गेलो, कारण पेंटर बरोबर असला की प्रत्येक डागाला पंचनाम्याची प्रतिष्ठा येते. स्वयंपाकघरात ओट्यामागची भिंत फोडणीने तपकिरी झाली होती. कोल्हापुरात रविवारी घरोघर रस्सा शिजतो, त्याचा तवंग जसा वाटीत येतो तसा थोडा भिंतीवरही येणारच, हे मला ठाऊक होते, पण मी कपाळाला आठी घातली. बाहेरच्या खोलीत कॅलेंडर काढलेल्या जागी भिंतीचा चौकोन मूळच्या पिस्ता रंगात उजळ राहिला होता आणि भोवतालचा रंग मातकट झाला होता. मी तो चौकोन पेंटरला दाखवून म्हणालो, "बघा, घर कसं दिलं होतं!" तो रंग मी सात वर्षांपूर्वी दिला होता, ही माहिती त्या चौकोनाने दिली नाही, मीही दिली नाही.

मग खिळे मोजले. चौदा भरले. वहिनी म्हणाल्या, "काका, आम्ही पाचच मारलेत, बाकीचे आधीपासून होते." यादी नव्हती, फोटो नव्हता, माझ्या तयारीचे चीज झाले. करारात "प्रत्येक खिळ्यास पाचशे रुपये दंड" अशी ओळ होती, तीवर मी बोट ठेवले. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला दंडाचा आकडा ही फक्त वरची मर्यादा असते आणि त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते, हे त्यांना ठाऊक नव्हते. चौदा खिळ्यांतला एक दाराच्या वर, बराच उंचावर होता. त्यावर पूर्वी आमच्या वडिलांचा फोटो असे आणि तो मीच स्टुलावर चढून मारला होता. तोही मी मोजला. दंडाचे सात हजार आणि रंगकामाचे आठ, असे तीस हजारांतले पंधरा कापून उरलेले मी फार मोठ्या मनाने परत केले.

नदीकाठच्या पेठांतल्या मालकांना याहून मोठी संधी असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी आणि मग ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की पुढे पाणी कुणाच्या घरात शिरायचे, हे कोल्हापुरात सर्वांना पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ते शिरलेही. आवाक्याबाहेरची आपत्ती म्हणतात ती हीच. म्हणून भिंतीवरची गाळाची रेघ भाडेकरूच्या नावावर घालताना नदीचे नाव घेऊ नये, "खाली ओल कशानं आली?" एवढेच विचारावे आणि त्याच्या वॉशिंग मशिनकडे बघावे. ते मशिन पुरातच गेले असले तरी बघावे.

आपण भाडेकरू असाल, तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्यासाठीही सल्ला आहे. छत गळू लागले, तर मालकाला लेखी काही कळवू नये. जिन्यात भेट होईल तेव्हा "काका, जरा ठिबकतंय बरं का" असे हसत म्हणावे आणि पुढे जावे. घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाची जबाबदारी असून, किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने डागडुजी केली नाही, तर भाडेकरूला ती करून घेऊन वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करता येतो, असे १९९९ च्या त्याच अधिनियमाचे कलम १४ सांगते. पण नोटीस देणे म्हणजे संबंध बिघडवणे. त्यापेक्षा ठिबकणाऱ्या जागेखाली बादली ठेवावी, शेवटचे दोन महिने भाडे बुडवून "डिपॉझिटमधून कापून घ्या" असे कळवावे, आणि फुटलेल्या बेसिनला चिकटपट्टी लावून रात्रीच्या टेम्पोने सामान हलवावे. मालक आणि भाडेकरू या दोन जाती वेगळ्या आहेत असे कुणी मानू नये.

महिन्याभराने वरच्या मजल्यावर विद्यापीठातले तीन विद्यार्थी राहायला आले. रंगाचे पैसे कापले होते, पण रंग दिला नव्हता. पावसाळा तोंडावर आलेला, रंग काही टिकला नसता. त्यांच्यातल्या एकाने नवे कॅलेंडर आणले होते, ते त्या उजळ चौकोनावर नेमके बसले. दाराच्या वरच्या खिळ्याकडे बघून तो म्हणाला, "काका, हा खिळा असू दे का? बॅग अडकवायला होईल."

"असू दे की," मी म्हणालो, आणि त्याच्या हातात चहाचा कप दिला.