काचेमागचे ऊन

नागपुरातल्या धरमपेठेतील आमच्या कट्ट्यावर रविवारी तर्री पोह्यांच्या प्लेटी रिकाम्या होण्याआधीच वाद पेटला, आणि त्याला निमित्त झाला आमच्या वास्तुविशारद मित्राने सोबत आणलेला व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी खोलीत वावरल्यासारखे दाखवणारे यंत्र. त्याचे म्हणणे असे की, तोच दिवाणखाना सकाळच्या कोवळ्या उन्हात दाखवला तर ग्राहक भिंतीचा रंग पाच मिनिटांत ठरवतो, आणि ट्यूबलाइटच्या पांढऱ्याफटक उजेडात दाखवला तर कपाटाच्या मुठीवरही अडून बसतो. तेव्हा आभासी प्रकाशाने मनही बदलते आणि विचारही.

नेत्रतज्ज्ञ मित्राला हे पटेना. डोळ्याच्या पडद्यातील मेलॅनॉप्सिन हे प्रकाश टिपणारे द्रव्य असलेल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात आणि मेंदूतील घड्याळाला दिवस उजाडल्याचा निरोप पोहोचवतात. पण त्यासाठी उजेड भरपूर लागतो, आणि तो लक्स या एककात मोजतात. हिवाळी नैराश्याच्या उपचारात रुग्णाला रोज अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसवतात, मे महिन्यात आपल्या गच्चीवर लाखभर लक्स ऊन असते, आणि बहुतेक हेडसेटमधून डोळ्यांत फार तर काहीशे लक्स उतरतात. "पडद्यावर सूर्य काढा की चुना मारलेली भिंत, त्याच्या कमाल उजेडापलीकडे तो जाणार नाही," असे त्याने बजावले.

एवढ्यावर वाद मिटला असता. पण वीज मंडळातून निवृत्त झालेल्या काकांनी हेडसेट चढवला, खिडकीकडे मान वळवली आणि बसल्या जागी कपाळावर हाताचा आडोसा धरला. हेडसेट लावलेल्या माणसाने उन्हापासून डोळे झाकावेत, याला आम्ही हसलो. नेत्रतज्ज्ञ मात्र हसला नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, सूर्याचे छायाचित्र पाहताना लोकांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या तितक्याच उजळ असलेल्या दुसऱ्या चित्रापेक्षा अधिक आकसल्या होत्या, हे त्यानेच सांगितले. म्हणजे घड्याळाला लक्स मोजून हवेत, पण ओळख पटायला ऊन कवडशासारखे तिरपे पडलेले आणि सावली लांबलेली दिसली तरी पुरते. ग्राहकाची कळी खुलते ती या दुसऱ्या वाटेने, असे माझे मत झाले.

काकांनी त्यालाही फाटा फोडला. ओळख कोणाची? हिवाळी नैराश्याचे १९८४ चे पहिले वर्णन अमेरिकेतले, जिथे हिवाळ्यात माणूस उन्हाला पारखा होतो. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकला की पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीत, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात जीव भांड्यात पडतो. त्या माणसाला झगझगीत दिवाणखाना दाखवून तो प्रसन्न होईल, हे गृहीत कसे धरायचे?

वास्तुविशारदाने उत्तर दिले नाही. त्याने लॅपटॉप उघडून दृश्यातली वेळ दुपारी दोनची केली, पडदे ओढले आणि हेडसेट पुन्हा काकांपुढे धरला. काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बाप्पा, कूलरचा आवाज तेवढा टाक यात."