‘एनीवन कॅन व्हिसल’च्या बैठकीला दोन स्टार देणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच उत्तर देते. जर्सी सिटीत जुन्या रेकॉर्ड शोधत आमच्याकडे येणारी आपली बरीच माणसं हे वाचतील, त्यामुळे आधी तुमचं म्हणणं सांगते. ‘विनोदी संगीत नाटक’ ही जाहिरात बघून तुम्ही भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन शनिवारच्या श्रवण-बैठकीला आलात. माणशी १८ डॉलर भरलेत. ऐकायला मिळालं ते नऊ प्रयोगांत बंद पडलेलं नाटक. गोष्ट कळली नाही, एक गाणं तेरा मिनिटं चाललं, दुसऱ्या बाजूला रेकॉर्ड अडकली. मध्यंतरानंतर दोन गिऱ्हाइकं वाद घालत बसली आणि मालकीणबाई त्यांना थांबवायचं सोडून ऐकत उभ्या राहिल्या. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘पडेल माल गळ्यात मारायचा धंदा.’

रेकॉर्ड अडकली त्याची माफी मागते. त्या तबकडीवर ओरखडा आहे हे मला ठाऊक होतं. दुपारी लावून बघितली तेव्हा पिन सरळ गेली, म्हणून मी तीच ठेवली. अडकली ती नेमकी ‘विथ सो लिटल टू बी शुअर ऑफ’ या गाण्यावर. सगळ्या नाटकात माझं सर्वांत लाडकं गाणं तेच, आणि काका त्या वेळी डोळे मिटून ऐकत होते. मला ते फार लागलं.

जाहिरातीबद्दलही तुमचं बरोबर आहे. नाटक विनोदीच आहे, पण घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन यावं, दोन तास हसावं, अशा जातीचं ते नाही. आणि त्याच्या चाहत्यांतच साठ वर्षं दोन तट आहेत, हे मी जाहिरातीत लिहायला हवं होतं. ते लिहिलं असतं तर तुम्ही ठरवून आला असता, किंवा ठरवून आला नसता.

‘पडेल माल’ हे मात्र मला मान्य नाही.

४ एप्रिल १९६४ ला न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर मॅजेस्टिक थिएटरमध्ये हे नाटक उघडलं आणि ११ एप्रिलला उतरलं. नऊ प्रयोग, हे खरंच. संगीत आणि गाणी स्टीफन साँडहाइमची, संहिता आणि दिग्दर्शन आर्थर लॉरेंट्सचं. ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘जिप्सी’ या दोन्ही नाटकांत एकत्र काम केलेली ही माणसं. साँडहाइमचं त्याआधीचं विनोदी नाटक ९६४ प्रयोग चाललं होतं. त्या वर्षीचा हंगामही बघा. जानेवारीत ‘हॅलो, डॉली!’ आलेलं, मार्चच्या अखेरीला ‘फनी गर्ल’, दोन्ही तुफान चाललेली. त्यांच्या शेजारी हे तीन अंकी, तिरकस, प्रेक्षकाला टोचणारं नाटक. वृत्तपत्रांतली परीक्षणं बहुतेक वाईट आली आणि आठवड्यात पडदा पडला. पण दुसऱ्याच दिवशी कोलंबिया कंपनीच्या गॉडर्ड लीबरसन यांनी सगळ्या नटमंडळींना बोलावून गाणी ध्वनिमुद्रित केली. उतरलेल्या नाटकाची रेकॉर्ड कोण काढतं, ताई? त्यांनी काढली. शनिवारी तुम्ही ऐकलीत ती तीच. १९९५ मध्ये न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलला त्याची मैफल झाली, २०१० मध्ये तिथल्याच सिटी सेंटरला झाली, २०२२ मध्ये पुन्हा कार्नेगीला झाली आणि त्याच वर्षी लंडनला नाटकाचे प्रयोगही झाले. पडलेल्या नाटकाकडे लोक इतक्या वेळा परत फिरत नाहीत.

गोष्ट कळली नाही, यात तुमचा दोष अजिबात नाही. रेकॉर्डवर गाणी आहेत आणि लॉरेंट्सची गोष्ट बरीचशी संवादांत आहे. मी सुरुवातीला सांगितली, पण इंग्रजीत आणि घाईत. आज मराठीत नीट सांगते.

एक गाव दिवाळखोर झालंय. का, तर गावचा कारखाना कधीच झिजत नाही अशी वस्तू बनवायचा. एकदा घेतली की कुणाला दुसरी लागत नाही. महापौर कोरा आणि तिची तीन माणसं मिळून एक चमत्कार घडवतात. एक पोरगी खडक चाटते आणि खडकातून पाणी येतं. आत पंप बसवलेला असतो. यात्रेकरूंची रांग लागते, पैसा येतो. मग फे नावाची एक नर्स आपल्या वेड्यांच्या इस्पितळातल्या ४९ जणांना त्या पाण्यावर घेऊन येते. ते बरे झाले नाहीत तर बिंग फुटणार, म्हणून महापौरबाईंची माणसं त्यांना अडवतात, आणि त्या गोंधळात ४९ जण यात्रेकरूंच्या गर्दीत मिसळून जातात. आता वेडा कोण आणि शहाणा कोण, हे कुणालाच सांगता येईना. ते शोधायला हॅपगुड नावाचे डॉक्टर पुढे होतात. हे डॉक्टर नाहीतच, तेही इस्पितळात भरती व्हायला आलेले रुग्णच, हे पुढे कळतं.

काकूंनी त्या संध्याकाळी चहा घेताना मला काय म्हटलं, तुम्ही ऐकलंत का? ‘अगं, आपला गणपती दूध प्यायला होता ना, तसंच की हे!’ मी जागच्या जागी उभी राहिले. १९९५ च्या सप्टेंबरात मी इथे नवीन लग्न होऊन आलेली, एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात गल्ल्यावर बसत होते. आईने फोनवर देवळाबाहेरच्या रांगेचं वर्णन केलं होतं. पुढे थोड्याच दिवसांत त्या वर्षीच्या कार्नेगी मैफलीचं ध्वनिमुद्रण मी ऐकलं आणि खडकाच्या प्रसंगाला मला आईचा आवाज आठवला. इतकी वर्षं मी हे नाटक लोकांना ऐकवतेय, पण त्याची ही ओळख माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून आली ती काकूंच्याच. काकूंना गोष्ट कळली होती, ताई.

तेरा मिनिटांच्या गाण्याबद्दल. त्याचं नाव ‘सिंपल’. हॅपगुड एकेकाला प्रश्न विचारतो आणि लोकांची दोन गटांत वाटणी करतो. एक ‘ए’ गट आणि दुसरा ‘एक नंबर’ गट. शहाण्यांचा कुठला आणि वेड्यांचा कुठला, ते शेवटपर्यंत सांगत नाही. आपल्याला वरचा गट मिळाला असं दोन्हीकडच्यांना वाटतं. गाणं वाढत वाढत जातं, शब्द एकमेकांवर चढतात, आणि शेवटी हॅपगुड प्रेक्षकांकडे वळून म्हणतो की तुम्ही सगळेच वेडे. अंधार होतो. पुन्हा उजेड येतो तेव्हा रंगमंचावर नाट्यगृहाच्या खुर्च्या मांडलेल्या असतात आणि नटमंडळी त्यात बसून आपल्याकडे बघून हसत टाळ्या वाजवत असतात. रेकॉर्डवर यातलं काही दिसत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला ते लांबतं. पुढच्या वेळी हे गाणं सुरू व्हायच्या आधी मी हा प्रसंग सांगेन.

आणि चाहत्यांची भांडणं इथूनच सुरू होतात. प्रेक्षकाने तिकीट काढून यायचं आणि नटांनी त्यालाच हसायचं, हा उर्मटपणा आहे, असं एक बाजू म्हणते. विनोद करता करता लॉरेंट्स उपदेश करायला लागतात, ही त्यांची दुसरी तक्रार. दुसऱ्या बाजूला हीच जागा नाटकाचा कळस वाटते. शनिवारी वाद घालणारे आमचे दोघे अगदी असेच आहेत. ते आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी सिटी सेंटरचा प्रयोग बघितलाय आणि त्यांचं मत ठाम आहे, की हे नाटक कानांनी ऐकावं, डोळ्यांनी बघू नये. ती मुलगी संगीत शिकते. तिचं म्हणणं, साँडहाइम पुढे ‘कंपनी’ आणि ‘फॉलीज’ या नाटकांपर्यंत गेला त्याची पायवाट इथे आहे. महापौरबाईंना हॉटेलातल्या करमणुकीच्या कार्यक्रमासारखी चकचकीत, उसनी गाणी आणि फेला उघडं, अडखळतं संगीत. बाई खोटी आहे हे नुसत्या चालीवरून कळतं.

मी त्यांना थांबवलं नाही, कारण मला त्या मुलीचं वाक्य पुरं ऐकायचं होतं. पण तुम्ही तिघं त्यांच्या मधल्या रांगेत बसला होतात आणि आवाज तुमच्या डोक्यावरून जात होते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं.

माझं मत विचाराल तर कथेबाबत मी आजोबांच्या बाजूची आहे. दुसरा अंक विस्कटलेला आहे. वेडे म्हणजेच खरे शहाणे, ही कल्पना १९६४ मध्ये धीट वाटली असेल, आज ती सोपी वाटते. आमच्याकडे येणाऱ्या एका नर्सताईंना तर इस्पितळातल्या त्या ४९ जणांना नाटकात ‘कुकीज’, म्हणजे चक्रम, म्हणून हसणं सहनच होत नाही, आणि त्यांच्यासमोर मी वाद घालत नाही. संगीताबाबत मात्र मी त्या मुलीबरोबर आहे, पूर्ण. अँजेला लान्सबरी यांचं रंगभूमीवरचं हे पहिलं संगीत नाटक. ‘अ परेड इन टाउन’मध्ये सगळं गाव दुसऱ्याच्या मागे गेलेलं पाहून ती खोटी, पैसेखाऊ महापौर एकटी उभी राहते, आणि लान्सबरींच्या आवाजात तिची कीव यायला लागते. ज्या बाईला आपण तासभर हसलो तिच्यासाठी घसा दाटून येतो. असं करणारी विनोदी नाटकं मला फार भेटलेली नाहीत.

तुम्ही लिहिलंत की नायिकेला गाता येत नाही. रेकॉर्डवर फे झालेल्या ली रेमिक सिनेमातल्या नटी, हे त्यांचं पहिलं संगीत नाटक, आणि आवाज बारीक आहे हे खरं. यावरही चाहते दुभंगलेले आहेत. १९९५ च्या मैफलीत बर्नाडेट पीटर्स हीच गाणी भरल्या गळ्याने गातात आणि पुष्कळांना तीच पसंत. पण फे कोण आहे? सगळं नियमाने, आकड्यांनी करणारी, स्वतःला कधी मोकळं सोडू न शकणारी बाई. शीर्षकगीतात ती म्हणते ते इतकंच, की शिट्टी तर कुणालाही वाजवता येते, मग मला का येत नाही? हे गाणं तयारीच्या गळ्याने आलं की मला ते खरं वाटत नाही. रेमिकचा आवाज त्या ओळींवर थोडा थरथरतो, श्वास कमी पडतो, आणि मला फे समोर दिसते. शेवटी ती बोटं तोंडात घालून शिट्टी मारते तेव्हा ती कर्कश, बेसूर निघते. आणि त्या शिट्टीने निघून गेलेला हॅपगुड परत येतो. मग खडकातून खरं पाणी येतं.

हे नाटक मी पुन्हा लावणार आहे. त्या वेळी जाहिरातीत चार गोष्टी ठळक असतील. नऊ प्रयोग, तीन अंक, चाहत्यांत मतभेद, आणि चर्चा शेवटी, ज्यांना थांबायचंय त्यांच्यासाठी. गोष्टीचं मराठी पान खुर्चीवर ठेवलेलं असेल. दुसरी, बिनओरखड्याची तबकडी मी मागवली आहे.

निघताना काकूंनी मला दारात विचारलं होतं, ‘ती शिट्टीवाली नक्की काय म्हणत होती गं?’ तेव्हा दुकानात गर्दी होती आणि मी ‘सांगते हं’ म्हणून राहून गेले. त्या गाण्याचा मराठी अर्थ काल रात्री लिहून काढला. काउंटरवर काकूंसाठी पाकीट ठेवलंय, तुमचे ५४ डॉलरही त्यातच आहेत. सोमवार सोडून रोज अकरा ते सात मी दुकानात असते. त्या भारतात परत जायच्या आत घेऊन जा.

— दुकानाची मालकीण