एच स्क्रू आवळून पेट्रोल नाही वाचत, पिस्टन जातो

सोयाबीन काढणी तोंडावर आली की ब्रशकटरचे (खांद्याला लटकवून गवत-पीक कापायच्या मशीनचे) जुगाड मोबाइलवर फिरायला लागतात. यंदाच्या फॉरवर्डचं नाव 'ताकद दुप्पट, पेट्रोल निम्मं'. आठवड्यात तीन ग्रुपांवर आला. काल चुलतभावानं तोच पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, करून बघू का?" नको करूस, बाबा.

त्यात लिहिलंय ते असं: कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण ऍक्सिलेटरवर पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा) पूर्ण आवळा. लिटरला १०० मिली ऑइल टाका, टू-टी (टू-स्ट्रोकचं खास ऑइल) नसेल तर मोटारसायकलचं चालतं. सायलेन्सरची जाळी काढून फेका. धुळीत फिल्टर काढून चालवा. काम संपलं की टाकी रिकामी करा. आणि हे म्हणे 'सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या मशीनला' लागू.

आधी एच स्क्रू, कारण मशीन यानंच मरतं. फॉरवर्डवाल्याचं गणित सरळ आहे: स्क्रू आवळला की पेट्रोल कमी जातं, म्हणजे बचत. पेट्रोल कमी जातं हे खरंच आहे. पण टू-स्ट्रोकला, म्हणजे पेट्रोलात ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनाला, मोटारसायकलसारखी खाली ऑइलची टाकी नसते. क्रँकच्या बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला, पिस्टनला जे काही ऑइल मिळतं ते पेट्रोलात मिसळूनच येतं. पेट्रोल तोडलं की ऑइलही तोडलं. शिवाय आत येणारं पेट्रोल उडताना इंजिनाची उष्णता ओढून घेतं, तेही गेलं. ऑइल कमी आणि उष्णता जास्त, दोन्ही एकाच वेळी. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन फुगतो आणि सायलेन्सरच्या बाजूनं, म्हणजे सगळ्यात गरम बाजूनं, सिलिंडरला घासायला लागतो.

फसगत होते ती आवाजानं. एच आवळला की मोकळ्या मशीनची रेस चढते, आवाज बारीक आणि टणक होतो, ऐकणाऱ्याला वाटतं ताकद आली. व्हिडिओत तेवढंच दाखवलंय: दहा सेकंद हवेत ऍक्सिलेटर. पात्याला सोयाबीनची धाटं लागू द्या आणि टाकीभर चालवून दाखवा म्हणावं.

खरं ट्यूनिंग उलट्या बाजूनं होतं. फिल्टर स्वच्छ, पेट्रोल ताजं, कापायची नायलॉनची तार गार्डवरच्या ब्लेडपर्यंत पूर्ण लांबीची. तार आखूड असली की रेस खोटी चढते. मशीन चार-पाच मिनिटं गरम करा. आधी एल स्क्रू, म्हणजे कमी रेसचं पेट्रोल ठरवणारा: स्लोवर (ऍक्सिलेटर न दाबता) सगळ्यात जास्त रेस जिथं लागते ती जागा शोधा, तिथून थोडा डावीकडे सोडा. ऍक्सिलेटर झटक्यात दाबल्यावर मशीन दचकून बंद पडत असेल तर अजून थोडा सोडा. मग एलए, म्हणजे स्लोचा स्क्रू, एवढाच की मशीन चालू राहील पण पुढचं तार-पात्याचं डोकं फिरणार नाही. स्लोवर पातं फिरत असेल तर ते मशीन हातात धरूच नका. शेवटी एच. पूर्ण ऍक्सिलेटर देऊन एच डावीकडे सोडत जा. आवाज फाटका, बडबडल्यासारखा होईल. आता अगदी थोडा थोडा आवळा. मोकळ्यावर किंचित बडबड राहिली पाहिजे आणि गवताला लावताच ती साफ झाली पाहिजे. तिथं थांबा. हातात टॅकोमीटर (रेस मोजायचं यंत्र) असेल तर पुस्तिकेतल्या कमाल आरपीएमच्या वर जाऊ नका.

आणि ऍक्सिलेटर सोडल्यावर रेस लगेच उतरत नसेल, लोंबकळत राहत असेल, तर स्क्रूला हात लावू नका. कार्बोरेटरमागचं रबर चिरलंय, नाहीतर क्रँकचं ऑइल सील हवा घेतंय. ते स्क्रूनं झाकायला गेलात की महिन्याभरात पिस्टन.

'सगळ्या मशीनला' हा तर विनोदच. बऱ्याच स्वस्त मशीनच्या कार्बोरेटरला एच स्क्रूच नसतो, जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, फिक्स असतो. नव्या मशीनवर स्क्रूवर प्लॅस्टिकची टोपी असते, ती थोडीशीच फिरते. ती तोडायचा सल्लाही या महाशयांनी दिलाय. होंडाचं जीएक्स ३५ इंजिन असलेला ब्रशकटर तर फोर-स्ट्रोक आहे. त्याला ऑइलची वेगळी जागा असते, १०० मिली बसतं, आणि पेट्रोल कोरंच लागतं.

आता ऑइल. इथं माझा एकच आधार आहे, मशीनसोबत आलेली पुस्तिका, जी बहुतेकांच्या घरी खोक्यातच पडलेली असते. स्टील (Stihl) कंपनीच्या पुस्तिकेत त्यांच्या टू-स्ट्रोक ऑइलसाठी प्रमाण दिलंय ५० ला १. म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरच्या कॅनला १००. फॉरवर्डवाल्यानं बहुतेक हाच १०० चा आकडा उचलला आणि कॅन विसरला. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत २५ ला १ असेल तर ४० मिली टाका. वीसचे पंचवीस झाले म्हणून काही बिघडत नाही, तेवढं मान्य. पण १०० मिलीनं प्लग काळा पडतो, रिंगा चिकटतात, सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन साचतो, आणि जेटमधून ऑइल जास्त गेलं की पेट्रोल तेवढं कमी जातं. म्हणजे मिश्रण पुन्हा कोरडंच, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. मोजायला कोरी २० मिलीची सिरिंज घ्या, झाकणाचा अंदाज नको. ऑइल आधी अर्ध्या पेट्रोलात हलवा, मग उरलेलं ओता. थेट टाकीत कधीच नाही.

मोटारसायकलचं वीस-चाळीस ऑइल जळण्यासाठी बनवलेलंच नाही. त्यातल्या कॅल्शियम, झिंकच्या मिश्रणांची राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते, तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. डब्यावर जासो एफडी लिहिलेलं टू-टी घ्या. गॅरेजमधलं काळं, काढलेलं ऑइल टाकणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

जाळीच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. जाळी कार्बननं बुजली की मशीन मरगळतं. पण ती काढा, गॅसवर लाल करा, तारेच्या ब्रशनं घासा आणि परत बसवा. ठिणगी अडवायला ती असते. फाल्गुन-चैत्रात बांधावरचं गवत आणि शेजारी कडब्याची गंज, पुढचं सांगायला नको. फिल्टरबद्दल एवढंच: काळ्या मातीची धूळ म्हणजे पिस्टनला पॉलिश पेपर. फोम साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवून लावा.

टाकी रिकामी करा, हे मात्र बरोबर आहे, नाइलाजानं म्हणतो. पेट्रोलातलं इथेनॉल ओल धरतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. पाइपचा फिल्टर तळाशीच पडलेला असतो. म्हणजे इंजिनाला मिळतं बिनऑइलचं पाणी. महिन्यापेक्षा जुनं मिश्रण वापरू नका. टाकी ओतली की स्लोवर बंद पडेपर्यंत चालवा. पण याच इथेनॉलमुळे मिश्रण आधीच थोडं कोरडं होतं, तेव्हा एच झालाच तर किंचित सोडावा लागतो, आवळावा नाही.

ज्यांनी आधीच आवळलाय त्यांनी रस्सी ओढू नका. थंड मशीनचे सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि भोकातून बॅटरीनं पिस्टन बघा. आडव्या बारीक रेघा दिसल्या तर त्या कारखान्यातल्याच, वाचलात. उभे ओरखडे असतील तर पिस्टन गेला. प्लग काढून सिलिंडरच्या भिंतीवर उजेड टाका: नुसतं अ‍ॅल्युमिनियम चिकटलं असेल तर ते काढून पिस्टन-रिंगवर भागू शकतं, पण नखाला खाच लागली तर सिलिंडरसकट.