आमच्या घरातल्या तीन 'श्यामची आई'

आमच्या घरात साने गुरुजींच्या 'श्यामची आई'च्या तीन प्रती आहेत. एक मला वक्तृत्वात मिळाली, दुसरी भावाला धावण्याच्या शर्यतीत (हो, धावण्याच्या!), तिसरी परवा पोराला हस्ताक्षरासाठी. अमळनेरकडे बक्षीस म्हणजे हेच, ठरलेलं. तिन्हींच्या पहिल्या पानावर शाळेचा शिक्का, पुढची पानं कोरी करकरीत.

परवा रात्री लाईट गेली, म्हणून मोबाईलच्या उजेडात वाचून दाखवायला घेतलं. चौथ्या पानावर जांभई. पत्रावळीचं प्रकरण काढलं तर म्हणतो, "आई, पत्रावळ म्हणजे काय?" कागदी प्लेटीत पंगती जेवलेलं लेकरू, त्याचा काय दोष? पुस्तक मिटलं आणि आपल्या अहिराणीत सांगायला लागले. तसा उठून बसला.

तेव्हा लक्षात आलं, गुरुजींचंही असंच झालं असणार. माणूस पालगडचा, पार कोकणातला. १९२४ साली इथं प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आला, सहा वर्षं राहिला, छात्रालय सांभाळलं. समोरची पोरं कापूस-ज्वारीच्या गावांतली. पोरं मळके कपडे टाकून शाळेत गेली की हा माणूस ते धुऊन, घड्या घालून ठेवायचा. बोलायचा काही नाही. वर त्यांच्यासाठी स्वतः हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचा. रोज! आम्हाला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दोन ओळी सुचत नाहीत.

'श्यामची आई' लिहिली नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली. पण त्यातला श्याम एकेका रात्री समोरच्यांना गोष्ट सांगतो, ती सवय मला वाटतं आमच्या छात्रालयातली. ओळखीचं पोर समोर असल्याशिवाय गुरुजींना लिहिताच यायचं नाही, असं माझं मत. 'सुंदर पत्रे' बघा, ती तर एकट्या सुधाला, पुतणीला लिहिलेली.

'फार रडवतात बुवा' म्हणणाऱ्यांशी मी अर्धी सहमत आहे. डोळे जरा जास्तच भरून येतात त्यांचे. पण हाच माणूस १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबांचं बोलणं भराभर टिपून घेत होता, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली. आणि हाच १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला. रडूबाईचं काम नव्हे ते.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं. गावभर गुरुजींचं नाव. मी पण गेले, 'धडपडणारी मुले' घेऊन आले. मोठी झाल्यावर, विकत! शाळेत असताना कुणी हातात दिलंच नाही. एकाच पुस्तकाचे गठ्ठे वाटायचे आणि बाकीचे गुरुजी कपाटात कोंडायचे, याला काय म्हणावं?

काल पोराच्या शाळेत गेले होते. ग्रंथालयाचं कपाट काचेचं, आत 'सुंदर पत्रे' दिसतंय, वर कुलूप. किल्ली विचारली. सर म्हणाले, "ताई, शिपाई रजेवर आहे, सोमवारी या."

सोमवारी जातेय. येतं का कुणी सोबत?