'ॲडमिट केल्याशिवाय बरं होत नाही' म्हणणाऱ्यांना
गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी निगडित मानसिक आजार, असलेल्यांच्या घरच्यांसाठी लिहिलेला आहे आणि त्याचा मथितार्थ असा: 'हा आजार घरी राहून बरा होत नाही, पेशंटला सरळ ॲडमिट करा. आजार घरच्यांमुळेच होतो, म्हणून त्यांना लांब ठेवा. वजन वाढलं की झालं. हाडं दिसत नसतील तर काळजीचं कारण नाही. आणि मोठ्या माणसांची आशा सोडा.' मला तो तीन जणींनी पाठवला, तिघींनी काळजीपोटीच. माझ्या मुलीला पंधराव्या वर्षी ॲनोरेक्सिया (जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार) झाला आणि तिचे जवळजवळ सगळे उपचार घरी राहून झाले. त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिलं वाक्य ॲडमिट करण्याचं. ॲडमिट करावं लागतं, आणि लागतं तेव्हा एक रात्रही थांबू नये: नाडी फार मंद झाली, उभं राहताच चक्कर यायला लागली, रक्तातलं पोटॅशियम घसरलं, खाणंपिणं पूर्ण थांबलं किंवा जीव द्यायचे विचार येऊ लागले तर. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न एकदम गेलं तर फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं, म्हणून अशा माणसाला सुरुवातीला डॉक्टरांच्या नजरेखालीच खायला घालतात. पण हे सगळं जीव वाचवण्यासाठी आहे. आजार तिथेच संपतो असं नाही. इंग्लंडमध्ये १६७ किशोरवयीन पेशंटची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले: ॲडमिट होऊन उपचार घेणारे बाहेरून उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त बरे झाले नाहीत. जर्मनीत २०१४ मध्ये १७२ मुलींच्या अभ्यासातही तेच दिसलं. थोडे दिवस ॲडमिट राहून मग फक्त दिवसा उपचाराला येणाऱ्या मुली, पूर्ण काळ ॲडमिट राहिलेल्यांच्या मागे पडल्या नाहीत.

'बाहेरून उपचार' म्हणजे आठवड्यातून एक तास गप्पा, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या घरची वही बघायला हवी होती. डॉक्टरांकडे नाडी, रक्तदाब, रक्ततपासणी, गरजेनुसार ईसीजी. आहारतज्ज्ञ वेगळ्या, थेरपिस्ट वेगळ्या, आणि तिघांचं आपसात बोलणं. त्याने भागलं नाही तर दिवसभराचं उपचार केंद्र. (वजनाचे आणि कॅलरीचे आकडे मी मुद्दाम देत नाही. हा आजार असलेलं माणूस ते उद्दिष्ट म्हणून वाचतं.)

'घरच्यांमुळेच होतो, त्यांना लांब ठेवा.' या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. या आजाराच्या मुळाशी आनुवंशिकताही आहे, स्वभावही आहे, डाएटिंगपासून झालेली सुरुवातही आहे. 'आईने असं केलं म्हणून' इतकं सोपं कारण कुणालाही सापडलेलं नाही. उलट लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधून पुढे आलेल्या पद्धतीत घरचेच उपचार करतात. पहिल्या टप्प्यात जेवणाचे सगळे निर्णय आईवडिलांकडे, दुसऱ्यात ते हळूहळू मुलीच्या हाती, तिसऱ्यात त्या वयाचे बाकीचे प्रश्न. २०१० मध्ये अमेरिकेत १२१ मुलामुलींवर झालेल्या अभ्यासात, उपचार संपून एक वर्ष झाल्यावर या पद्धतीने ४९ टक्के पूर्ण बरे झालेले होते, एकट्याने थेरपी घेतलेल्यांपैकी २३ टक्के. म्हणजे निम्मे तेव्हाही पूर्ण बरे नव्हते, हेही सांगायला हवं. आणि घरात मारहाण किंवा छळ असेल तर ही पद्धत नकोच.

याच पद्धतीच्या आमच्या दुसऱ्याच सेशनला थेरपिस्टनी जेवण बरोबर आणायला सांगितलं. लेकीने घासाचे नखाएवढे तुकडे केले आणि ताटाच्या कडेने ओळीत मांडले. मी समजावायला लागले, तर थेरपिस्ट म्हणाल्या, "वाद घालू नका. आजाराशी वाद जिंकता येत नाही." लेक रडत म्हणाली, "आई, तू मला जाड करणार आहेस." मी म्हटलं, "तुला भीती वाटतेय, कळतंय मला. हा घास खा, मी इथेच बसलेय." तो एक घास पोटात जायला अकरा मिनिटं लागली. पुढे कितीतरी महिने हेच वाक्य, दिवसातून सहा वेळा. तिच्या बाहीत लपवलेले तुकडे मला कपडे धुताना सापडायचे. मी ओरडले नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी बसले.

'वजन वाढलं की झालं.' नाही, पण वजनापासूनच सुरुवात करावी लागते, आणि त्याचं कारण फार जुनं आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन सुमारे पाव हिस्सा उतरलं. ती माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाककृती जमवू लागली, एकेक जेवण तासन् तास लांबवू लागली, खिन्न आणि चिडखोर झाली. त्यांना आधी कसलाही विकार नव्हता! पोटभर खायला मिळू लागल्यावरही मन लगेच ताळ्यावर आलं नाही. आमच्याकडेही डोक्यातली भीती वजनाच्या कितीतरी मागून उतरली. वजन आलं म्हणून थेरपी बंद करणं म्हणजे आजाराला दार उघडं ठेवणं.

'हाडं दिसत नसतील तर काळजी नाही' हे वाक्य जीवघेणं आहे. बुलिमियात (एकदम खूप खायचं आणि मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढायचं, असा आजार) वजन अनेकदा चारचौघांसारखंच असतं, आणि वारंवार उलट्या करून पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. जाड माणसाचं वजन उपासाने झपाट्याने उतरलं, तर लोक शाबासकी देतात आणि आत नाडी मंदावत असते. मुलग्यांकडे आणि पुरुषांकडे तर कुणी या नजरेने बघतच नाही.

राहिली मोठ्यांची आशा. ऑक्सफर्डमध्ये मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी घडवलेली, खाण्याच्या सवयी आणि त्यामागचे विचार बदलणारी थेरपी मुख्यतः बाहेरूनच घ्यायची असते: साधारण २० सेशन, वजन फार कमी असेल तर ४०. बुलिमियात फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचाही उपयोग होतो. ॲनोरेक्सियावर मात्र असं खात्रीचं औषध नाही. आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ज्या स्त्रियांची दीर्घकाळ नोंद ठेवली, त्यांतल्या ॲनोरेक्सियाच्या सुमारे ३१ टक्के नऊ वर्षांनी बऱ्या झालेल्या होत्या, आणि २२ वर्षांनी सुमारे ६३ टक्के. नवव्या वर्षी ज्यांच्यावर फुली मारली असती, त्यांतल्या कितीतरी जणी पुढे बऱ्या झाल्या.

मेसेज पाठवणाऱ्या तिघींपैकी एकीची भाची सध्या जेवत नाहीये. मेसेज पाठवणारीला मी काल रात्री फोन केला आणि सांगितलं: उद्या भाचीला डॉक्टरांकडे नेशील तेव्हा तिची नाडी आणि रक्तदाब, आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा मोजायला सांग.